मोटारीचें निदान

घरची मोटार ही आतां चैनीची वस्तु राहिलेली नाहीं, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. ज्या घरांत तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात, तेथें सात आसनांची व्हॅन ही पूर्वीच्या दारच्या गाईसारखी घरांतलीच एक आसामी होऊन बसते. तिचें कांहीं दुखलें-खुपलें कीं सर्वांचा दिनक्रम बिघडतो. आणि तिच्या दुखण्याविषयीं मत द्यावयास घरांतील एकहि मनुष्य मागें राहत नाहीं. आमची व्हॅन २०१४ सालची. गेल्या पावसाळ्यांत ती आजारी पडली. त्या निमित्तानें आम्हांस जें शिकावयास मिळालें तें आमच्यासारख्या इतर कुटुंबांच्याहि उपयोगीं पडेल, असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों. यंत्रशास्त्राचा आमचा अभ्यास नाहीं. जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. परंतु या प्रकरणांत तें शिकविलेलेंहि अगदींच वायां गेलें नाहीं.

आमचें बिऱ्हाड भाईंदरास, खाडीच्या अंगाला आहे. उत्तरेस वसईची खाडी, पश्चिमेस उत्तनचा समुद्र, आणि मध्यें मिठागरें. येथील हवेंत लोखंड टिकत नाहीं, हें कोणत्याहि घराच्या खिडकीच्या गजांवरून कळेल. आमचे वडील बंधु अण्णा यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं असून, मंगळवार, गुरुवार व शनिवार असे आठवड्यांतून तीन दिवस त्यांना डायलिसिससाठीं ठाण्यास न्यावें लागतें. काशीमिऱ्याच्या नाक्यावरून घोडबंदर रस्त्यास लागावयाचें, चेणें मागें टाकावयाचें, गायमुखचा चढ चढावयाचा, आणि पलीकडे उतरून ठाणें गांठावयाचें, असा तो क्रम. ज्याचें मूत्रपिंड चालत नाहीं त्याच्या शरीरांत सांचणारें पाणी व मळ काढून टाकण्यास हा मार्ग; तेव्हां ‘आज गाडी नाहीं, उद्यां जाऊं’ असें म्हणण्याची सोय या व्यवहारांत नाहीं.

आषाढांत एके दिवशीं गाडी सुरू केल्यावर चालकासमोरच्या काचेआड इंजिनाच्या आकाराचा एक पिवळा दिवा लागला, तो विझेना. गाडी मात्र चालत होती. आमच्या पुतण्यानें दोन दिवस वाट पाहिली, आणि तिसऱ्या दिवशीं, डोळ्यांस टोंचतो म्हणून, आपल्या आईची एक टिकली घेऊन त्या दिव्यावर काचेला चिकटवून दिली. घरांतील कोणीहि हरकत घेतली नाहीं. आम्हींहि घेतली नाहीं, हें येथें नमूद करून ठेवतों.

पुढें गाडी चढावर अडखळूं लागली. गायमुखास दुसऱ्या गिअरमध्यें ती सबंध थरथरे, आणि टिकलीच्या कडेनें तो दिवा उघडझांप करी. सपाटीवर आली कीं पुन्हा सर्व शांत. पेट्रोलांत पाणी आलें असेल, पावसाची हवा आहे, माणसें जास्त बसलीं, असे तर्क चालू राहिले आणि त्यांतच सहा आठवडे गेले. श्रावणांतल्या एका गुरुवारीं ऐन चढावर, वाहनांच्या रांगेंत थांबून पुन्हा उचलतांना, गाडी बंद पडली. सुरू झाली, पण ओढीना. मागें ट्रकांचे भोंगे, वर पाऊस, आंत अण्णा. एका भल्या रिक्षावाल्यानें त्यांना पोंचविलें. परंतु पाळीची वेळ टळून गेली होती, आणि रात्रीं साडेनऊच्या पाळीपर्यंत त्यांना बांकावर बसून राहावें लागलें. परततांना ते एवढेंच म्हणाले, ‘तो दिवा इतके दिवस काय सांगत होता, तें कोणी विचारलें कां?’

दुसऱ्या दिवशीं गाडी एका मोठ्या कारखान्यांत नेली. तेथील तरुणानें चाकाच्या दांड्याखालीं एक यंत्र जोडलें, पांच मिनिटांत त्यावरून दोन आंकडे वाचले, आणि छापील अंदाजपत्रक हातीं दिलें: कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी, तो नवा, दोन्ही ऑक्सिजन सेन्सर नवे, एक कॉइल नवी, मजुरी धरून ४६,००० रुपये. गाडीचें बॉनेट काय, बैठक काय, कांहींच उघडलें नव्हतें. आंकड्यांनींच सर्व सांगितलें, असा त्याचा भाव होता. घरीं खल सुरू झाला. पुतण्याचें म्हणणें, या वयाच्या गाडीवर एवढा पैसा घालण्यापेक्षां ती भंगारांत द्यावी. वहिनींनीं विचारलें, ‘आणि शनिवारीं?’ या प्रश्नास उत्तर नव्हतें. अण्णांच्या औषधोपचारांत घरची बहुतेक शिल्लक खर्चीं पडलेली. नवी सात आसनांची गाडी घेणें तूर्त आमच्या आवांक्याबाहेरचें होतें.

अशा वेळीं आम्हांस आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. काशीमिऱ्यास महामार्गाच्या कडेला, पत्र्याच्या छपराखालीं त्याचें गॅरेज आहे. शाळेंत यास संस्कृतांत शंभरांपैकीं सव्वीस गुण मिळाले होते. ते आम्हींच दिले होते. त्यानें अंदाजपत्रक नीट वाचलें, घडी करून परत दिलें आणि म्हणाला, ‘सर, कोड म्हणजे पार्ट नव्हे. कोड म्हणजे तक्रार. तक्रार कोणाची आहे तें कळलें, चोर कोण तें अजून बघायचंय.’

येथें थोडें थांबून हे कोड म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे.

पूर्वीच्या मोटारींचें निदान कानानें होई. १९८४ सालीं निघालेली आणि पुढें ‘ओम्नी’ या नांवानें २०१९ पर्यंत बनत राहिलेली मारुतीची व्हॅन पुष्कळ वाचकांनीं वापरली असेल. तिच्या ७९६ घनसेंटिमीटरच्या तीन सिलिंडरांच्या इंजिनांत, निदान पहिल्या वर्षांत, कार्बोरेटर असे. मिस्त्री बैठक उचलून कान लावी, स्क्रू अर्धा फेरा फिरवी, आणि काम होई. पुढें इंधन मोजून देण्याचें काम संगणकाकडे गेलें. त्यामागें धुराचा इतिहास आहे. अमेरिकेंत लॉस एंजलिस शहरावर जें डोळे झोंबविणारें धुकें पसरे, तें मोटारींच्या धुरावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन बनतें, असें हागेन-स्मिट नांवाच्या मूळच्या डच रसायनशास्त्रज्ञानें १९५० नंतरच्या कांहीं वर्षांत दाखवून दिलें. तेव्हांपासून कॅलिफोर्निया संस्थानाचे नियम कडक होत गेले. गाडी नवी असतांना धूर स्वच्छ असून भागत नाहीं, ती जुनी झाल्यावरहि तिनें आपला दोष आपण ओळखून चालकास सांगितला पाहिजे, असा दंडक तेथें १९८८ च्या गाड्यांपासून आला. आरंभीं प्रत्येक कारखानदाराची सांकेतिक भाषा निराळी असे. १९९६ पासून अमेरिकेंतील सर्व मोटारींस एकच भाषा व एकाच आकाराचें सोळा टोंकांचें जोडस्थान सक्तीचें झालें. भारतांत बीएस-४ मानकांबरोबर या स्वनिदानाची पहिली पायरी एप्रिल २०१० मध्यें आणि दुसरी, अधिक पूर्ण अशी, एप्रिल २०१३ मध्यें आली. म्हणून २०१४ ची आमची व्हॅन वयानें जुनी असली तरी ही भाषा बोलते. हें जोडस्थान बहुधा चालकाच्या गुडघ्यांपाशीं, डॅशबोर्डाच्या खालीं असतें. त्यांत बसणारें आगपेटीएवढें यंत्र बाजारांत हजार रुपयांच्या आंतबाहेर मिळतें, आणि त्यावरील मजकूर खिशांतल्या फोनवर वाचतां येतो.

त्या भाषेचें व्याकरण आम्हांस मनापासून आवडलें. पाणिनीनें ‘टि’, ‘घु’, ‘भ’ अशा एकाक्षरी संज्ञा करून त्यांत केवढा अर्थ कोंबला आहे, हें ज्यांनीं अष्टाध्यायी चाळली त्यांना ठाऊक आहे. येथें तसाच प्रकार. आमच्या गाडीचा पहिला कोड होता पी०३०३. ‘पी’ म्हणजे तक्रार इंजिन व गतिप्रेषण यांच्याकडील आहे. सांगाड्याकडील व चाकांकडील असती तर ‘सी’, दारें-खिडक्यांकडील असती तर ‘बी’, संगणकांच्या आपसांतील संभाषणांत बिघाड असता तर ‘यू’. पुढचें शून्य सांगतें कीं ही संज्ञा सर्व कारखान्यांना समान आहे. तेथें १ असता तर ती त्या कारखानदाराची खासगी परिभाषा ठरली असती. त्यापुढील ३ म्हणजे ठिणगी व ज्वलन यांचें खातें. शेवटले दोन अंक म्हणजे तिसरें सिलिंडर. सबंध अर्थ असा: तिसऱ्या सिलिंडरांत इंधन पेटण्याचें चुकत आहे, गॅरेजच्या भाषेंत, तीन नंबर मिस मारतो. दुसरा कोड पी०४२०: चारचें खातें धूर शुद्ध करणाऱ्या साधनांचें, आणि सबंध अर्थ, कन्व्हर्टरचें काम ठरलेल्या मर्यादेपेक्षां कमी पडत आहे.

आतां मौज पाहा. ‘तिसऱ्या सिलिंडरांत ज्वलन चुकतें’ हें संगणकास कळतें कसें? तेथें त्याचा डोळा नाहीं. इंजिनाचा जो मुख्य दांडा फिरतो त्याच्या गतीवर तो नजर ठेवून असतो. चार सिलिंडरांच्या इंजिनांत दांड्याच्या दर अर्ध्या फेऱ्यास एक ज्वलन होतें, आणि प्रत्येक ज्वलनाचा धक्का दांड्यास क्षणभर वेग देतो. ज्या वळणीं तिसऱ्याचा धक्का यावयाचा, तेथें दांडा किंचित् मंदावला, कीं संगणक अनुमान करतो. म्हणजे धूर पाहून अग्नि ओळखण्याच्या जातीचेंच हें ज्ञान, प्रत्यक्ष नव्हे. आणि अनुमान म्हटलें कीं हेत्वाभास आलाच. खड्ड्यांच्या रस्त्यावर चाकांचे हिसके दांड्यापर्यंत पोंचतात व तोहि असाच अडखळतो. संगणकानें त्यास ज्वलनाचा दोष समजूं नये म्हणून कारखानदारांस निराळी तजवीज करावी लागते. पावसाळ्यांतील आमचे रस्ते त्या तजविजीची मोठी कसोटी घेत असतील, यांत संशय नाहीं.

तेव्हां पी०३०३ यानें ठिकाण कळलें, कारण कळलें नाहीं. तिसऱ्यांत ठिणगी नसेल, इंधन पोंचत नसेल, किंवा सिलिंडरांत दाबच धरत नसेल. ठिणगी नसेल तर प्लग गेला असेल, कॉइल गेली असेल, किंवा कॉइलला वीज देणारी तार. माधवकराच्या निदानग्रंथाची ज्यांना ओळख आहे त्यांना रोगज्ञानाचीं पांच साधनें आठवतील: निदान, पूर्वरूप, रूप, उपशय आणि संप्राप्ति. कोड हें केवळ रूप, म्हणजे लक्षण. आषाढांतला तो नुसता पिवळा दिवा पूर्वरूप म्हणावयाचा. आणि जेथें लक्षणांवरून निश्चय होत नाहीं, तेथें वैद्य थोडें औषध किंवा पथ्य देऊन पाहतो, आणि त्यानें बरें वाटतें कीं वाईट यावरून रोग ओळखतो, तो उपशय. कारखान्यांतील तरुणानें रूपावरून एकदम औषधयोजनेवर उडी मारली. आमच्या विद्यार्थ्यानें मधली पायरी गाळली नाहीं.

त्यानें प्रथम एक वही काढली. कोड पुसून टाकण्याआधीं त्यांच्याबरोबर जपून ठेवलेली माहिती उतरून घेतली. दोष नोंदला गेला त्या क्षणींची इंजिनाची स्थिति संगणक चित्रासारखी गोठवून ठेवतो, ही गोष्ट आम्हांस नवीन होती. आमच्या गाडीच्या चित्रांत इंजिनाचे फेरे मिनिटास २,१००, गाडीचा वेग ताशीं ३२ किलोमीटर, इंजिनांतील पाण्याचें तापमान ८८ अंश, आणि इंजिनावरील भार शेंकडा ७८ असे आंकडे होते. तो म्हणाला, ‘इंजिन तापलेलं, वेग कमी, भार जास्त. सर, हा चढ आहे. गायमुख.’ आम्हीं त्यास चढाविषयीं अजून कांहींच सांगितलें नव्हतें. पुष्कळ मिस्त्री, आणि घरचे हुशार लोकहि, बॅटरीची तार काढून पुन्हा लावतात. दिवा विझतो आणि सर्वांस समाधान वाटतें. त्या एका कृतीनें हें चित्र नाहींसें होतें, संगणकानें शिकून ठेवलेलें इंधनाचें मान पुसलें जातें, आणि दोष जागच्या जागीं राहतो.

नंतर पुढची बैठक उचलून (आमच्या व्हॅनचें इंजिन तिच्याखालीं आहे) त्यानें तिसऱ्या सिलिंडरावरची कॉइल काढून पहिल्यावर बसविली आणि पहिलीची तिसऱ्यावर. खर्च कांहीं नाहीं, वेळ दहा मिनिटें. दोष कॉइलीचा असेल तर तो तिच्याबरोबर पहिल्या सिलिंडरास जाईल आणि कोड पी०३०१ असा येईल. गाडींत आम्ही तिघे बसलों, गायमुखापर्यंत जाऊन आलों. कोड तोच: पी०३०३. अंदाजपत्रकांतली नवी कॉइल येथेंच निकालांत निघाली. मग प्लगांची तशीच अदलाबदल. प्लग झिजलेले होते खरे, पण कोड हलला नाहीं. नंतर त्यानें एक युक्ति केली ती आम्हांस फार मार्मिक वाटली. आमची गाडी सीएनजी आणि पेट्रोल या दोहोंवर चालते, आणि दोहोंचे इंजेक्टर निराळे असतात. तोच चढ त्यानें एकदां सीएनजीवर व एकदां पेट्रोलवर चढविला. दोन्ही वेळां थरथर सारखीच. दोन्ही इंजेक्टर एकाच वेळीं, एकाच सिलिंडरांत बिघडणें हें संभवनीय नाहीं. म्हणून इंधनाचा पक्ष पडला. मग प्लग काढून दाब मोजला: चारहि सिलिंडरांत १७० ते १८० पौंडांच्या दरम्यान. पिस्टन व व्हॉल्व्ह निर्दोष.

न्यायशास्त्रांत ‘शेषवत्’ म्हणून अनुमानाचा एक प्रकार आहे. वात्स्यायनानें त्याचा एक अर्थ परिशेष असा लाविला आहे: जितके संभव आहेत तितके मांडावे, एकेकाचा निषेध करावा, आणि उरेल तें स्वीकारावें. हा विषय त्या वर्गांत आम्हीं सोपा करून शिकविला होता, आणि मागच्या बांकावरील या मुलास त्यांतील एक अक्षर कळलें नाहीं, अशी आमची पंचवीस वर्षें खात्री होती.

उरली ती तार. त्यानें मोटारीच्या दिव्याचा एक जुना २१ वॉटचा बल्ब घेतला आणि प्रत्येक कॉइलीस वीज आणणाऱ्या टोंकाला तो आळीपाळीनें लावून पाहिला. पहिल्या, दुसऱ्या व चौथ्या ठिकाणीं बल्ब लख्ख पेटला, तिसऱ्यास मिणमिणला. तारेवरील काळी फीत सोलून काढली तेव्हां सर्व उलगडलें. उंदरानें आवरण कुरतडलें होतें, आणि त्या फटींतून खाडीची खारी ओल शिरून तांब्याचे तंतु हिरवे पडून भुग्यासारखे झाले होते. वीस-बावीस तंतूंपैकीं चार-पांच शाबूत. सपाट रस्त्यावर तेवढ्यांतून वीज पुरे. चढावर इंजिनावर भार आला कीं सिलिंडरांतील हवेचा दाब वाढतो, आणि त्या दाबांत ठिणगी उडविण्यास विजेचें बळ अधिक लागतें. तें या चार तंतूंतून पोंचेना. सीएनजीला तर ठिणगी पेट्रोलपेक्षांहि जोरकस हवी असते. म्हणून सपाटीवर शांत आणि गायमुखास थरथर. ही संप्राप्ति झाली. तारेचा तेवढा तुकडा कापून नवा जोडला, वर उष्णतेनें आवळणारी नळी चढविली, चार नवे प्लग घातले. एकंदर बिल १,९४० रुपये. शनिवारीं अण्णा वेळेवर ठाण्यास पोंचले. येतांना तो चढ गाडीनें कसा घेतला, हें त्यांनीं घरीं तिघांना तीनदां सांगितलें.

आमच्या इमारतींत ही गोष्ट पसरली तेव्हां पुष्कळांनीं आपापले कोड आणून दाखविले. त्यांत एका शेजाऱ्यांचा पी०१७१ होता. त्याचा अर्थ, मिश्रण विरल आहे. म्हणजे हवेच्या मानानें पेट्रोल कमी. एका भाग पेट्रोलास वजनानें सुमारें १४.७ भाग हवा हें योग्य मान. हा कोड आला कीं बहुतेक गॅरेजांत ऑक्सिजन सेन्सर बदलतात, कारण तक्रार तोच करतो. परंतु धुरांत प्राणवायु अधिक आहे असें जो सांगतो, तो साक्षीदार. त्यालाच शिक्षा देऊन काय मिळणार? संगणक स्वतःहून किती टक्के पेट्रोल वाढवून देत आहे, तो आंकडा त्याच लहान यंत्रावर दिसतो. गाडी उभी असतांना तो आंकडा मोठा, आणि फेरे वाढविल्यावर लहान होत असेल, तर कोठें तरी रबरी नळी तडकून चोरून हवा आंत येत आहे असें समजावें. उलट भार वाढेल तसा आंकडाहि वाढत असेल तर पेट्रोलचा पंप किंवा गाळणी संशयित. शेजाऱ्यांची नळी तडकलेली निघाली.

आमच्या गाडीची गोष्ट मात्र येथें संपली नाहीं. दुरुस्तीनंतर दोन्ही कोड पुसले होते. पी०३०३ पुन्हा आला नाहीं. पी०४२० एकोणिसाव्या दिवशीं परत आला. पुतण्या म्हणाला, ‘म्हणजे तो कारखानेवाला खरं बोलत होता!’ तें अर्धें खरें होतें. कन्व्हर्टर म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर बसविलेलें एक पात्र. त्यांत मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी असून तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंचा अत्यंत पातळ लेप असतो. तापल्यावर त्या जाळींतून जाणारा विषारी कार्बन मोनॉक्साइड, अर्धवट जळलेलें इंधन आणि नायट्रोजनचे दाहक वायु यांचें रूपांतर पाणी, कर्बवायु व साधा नायट्रोजन यांत होतें. परंतु एखादें सिलिंडर पेटण्याचें चुकूं लागलें कीं न जळलेलें इंधन थेट त्या तापल्या जाळींत जाऊन तेथें जळतें, आणि ती जाळी भाजून वितळूं लागते. याचसाठीं दिवा दोन रीतींनीं बोलतो. स्थिर पेटला असेल तर दोष नोंदला आहे, सवडीनें पण लवकर दाखवा. उघडझांप करीत असेल तर आतांच पाय सैल करा, भार कमी करा, पुढें रेटूं नका. आमचा दिवा सहा आठवडे गायमुखास उघडझांप करीत होता, आणि आम्हीं त्यावर टिकली लाविली होती.

विद्यार्थ्यानें दोन्ही सेन्सरांचे आलेख फोनवर काढून दाखविले. कन्व्हर्टरच्या पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सारखा खालींवर होतो, तसा व्हावाच. मागचा, कन्व्हर्टर निरोगी असेल तर, बराचसा स्थिर राहतो. आमचा मागचा सेन्सर पुढच्याची हुबेहूब नक्कल करीत होता. याचा अर्थ जाळी खरोखर दुबळी झाली होती. आणि नक्कल इतकी तंतोतंत जमते त्याअर्थीं दोन्ही सेन्सर मात्र उत्तम स्थितींत होते. शाळेंत गणिताच्या पेपरांत आम्ही असें पाहिलें आहे, कीं उत्तर बरोबर येतें आणि रीत सबंध चुकलेली असते. त्या तरुणाचें तसें झालें. त्याच्या सांगण्याप्रमाणें श्रावणांतच नवा कन्व्हर्टर घातला असता, तर ती तुटकी तार तशीच राहून नवी जाळीहि दिवाळीपर्यंत भाजून निघाली असती.

मग कन्व्हर्टरचें काय करावयाचें? एका ओळखीच्या गृहस्थांनीं सुचविलें कीं जाळी फोडून पात्र पोकळ करावें, मागच्या सेन्सरखालीं एक नळकांडें घालून संगणकास फसवावें; दीड हजारांत काम होतें, आणि गाडी हलकीहि धांवते. असें करणारे पुष्कळ आहेत, हें आम्हांस नंतर कळलें. आम्हीं साफ नाहीं म्हटलें. ती गाडी रोज सकाळीं आमच्या इमारतीच्या आवारांत पांच मिनिटें चालू असते, आणि त्याच वेळीं शाळेच्या बसची वाट पाहत मुलें तिच्या मागें उभीं असतात. कायद्याचीहि गोष्ट आहे, पण कायदा नसता तरी उत्तर तेंच दिलें असतें. विद्यार्थी म्हणाला कीं भार बेताचा ठेवलात तर गाडी दोन-तीन महिने चालेल, घाई नाहीं. नवा कन्व्हर्टर मजुरीसह २९,००० रुपयांस पडणार होता.

तो मार्गशीर्षांत बसविला. पैसे पुतण्यानें द्यावयाचे ठरले होते, कारण टिकली त्याची. अण्णांनीं तें ऐकून घेतलें नाहीं. आपल्या ठेवींतून काढून दिले. ‘माझ्या अहवालांतहि नुसते आंकडेच येतात,’ ते म्हणाले. ‘क्रिएटिनीन इतकें, पोटॅशियम तितकें. पंधरा वर्षांपूर्वीं पहिल्यांदां आंकडा वाढला तेव्हां मीं कागद घडी करून गादीखालीं ठेवला होता.’ हें आम्हांस ठाऊक नव्हतें, वहिनींसहि नव्हतें.

बसवून आलेल्या दिवशीं टिकली काढली. डिंकाचें एक लहानसें वर्तुळ काचेवर राहिलें आहे. पुतण्यानें तें थिनरनें पुसतों म्हटलें, पण काच खराब होईल म्हणून वहिनींनीं तसेंच राहूं दिलें. आतां गाडी सुरू करतांना किल्ली फिरविली कीं तो पिवळा दिवा क्षणभर लागतो आणि इंजिन चालू होतांच विझतो. तो तसा लागून विझणें हें दिवा जिवंत असल्याचें चिन्ह, असें विद्यार्थ्यानें बजावून सांगितलें आहे. अण्णा पुढच्या बैठकीवर बसतात, आणि तो विझेपर्यंत ‘चल’ म्हणत नाहींत.